गळती कोणाच्या खात्यावर?

शंकेखोर: आपल्या देशाच्या मतापासूनच सुरुवात करू, म्हणजे मी सवयीने खोडा घालतोय असं वाटणार नाही. 9 डिसेंबर 2022 ला सुरक्षा परिषदेत ठराव क्रमांक 2664 मतदानाला आला. संयुक्त राष्ट्रांनी ज्यांची मालमत्ता गोठवली आहे अशा माणसाशी किंवा संघटनेशी मदतकार्य करताना संबंध आला, थोडाफार पैसा किंवा माल त्यांच्या हाती लागला, तरी तो निर्बंधांचा भंग मानायचा नाही, असं त्याचं सार. मसुदा अमेरिका आणि आयर्लंडचा. पंधरापैकी चौदा देश बाजूने, एकटा भारत तटस्थ. त्यातून त्या महिन्यात परिषदेचं अध्यक्षपद आपल्याकडेच होतं. आपल्या राजदूत रुचिरा कंबोज यांनी कारण सांगितलं: आमच्या शेजारात यादीतल्याच संघटना सेवाभावी संस्थांचं रूप घेऊन पुन्हा उभ्या राहिल्या आहेत आणि या सवलतीचा फायदा त्याच उठवतील. मुंबईत राहणाऱ्या माणसाला हे पटायला फार वेळ लागत नाही.

कार्यकर्ती: तुम्ही 26/11 वर येणार हे मला ठाऊक होतं. या. पण नुसता उल्लेख करून पुढे सरकू नका. सगळा क्रम सांगा.

शंकेखोर: सांगतो. लष्कर-ए-तैयबा मे 2005 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या यादीत गेली. त्याच वर्षी 8 ऑक्टोबरला भूकंप झाला, मुझफ्फराबाद जमीनदोस्त झालं. ढिगाऱ्यांपाशी लवकर पोचलेल्यांत जमात-उद-दावा होती. तंबू, रुग्णवाहिका, इस्पितळ, सगळं घेऊन. नाव निराळं, माणसं तीच, आणि हे निराळं नाव यादीत नव्हतं. ते आलं डिसेंबर 2008 मध्ये, मुंबईत 166 जीव गेल्यावर. मग फलाह-ए-इन्सानियत फाउंडेशनचं नाव पुढे आलं. 2010 च्या पाकिस्तानातल्या महापुरात ते मदत वाटत होतं. संयुक्त राष्ट्रांनी त्याला यादीत घातलं मार्च 2012 मध्ये. दर वेळी संस्था पुढे आणि यादी मागे. आणि मला छळतं ते वेगळंच. ती इस्पितळं खोटी नव्हती. खऱ्या जखमींवर तिथे खरे उपचार होत होते. निव्वळ बोगस संस्था ऑडिटमध्ये सापडते. जिचं निम्मं काम खरं आहे तिला तुम्ही कशी पकडणार?

कार्यकर्ती: ठरावाच्या मजकुरातून बरीचशी पकडता येते. सूट सगळ्या जगाला दिलेली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था, आंतरराष्ट्रीय संघटना, महासभेत निरीक्षकाचा दर्जा असलेल्या रेडक्रॉससारख्या संस्था, आणि बिनसरकारी संस्थांपैकी ज्यांना सरकारांचा पैसा मिळतो व ज्या संयुक्त राष्ट्रांच्या मदत आराखड्यात किंवा समन्वय गटांत सामील आहेत त्याच. फलाहला या दारातून आत येता आलं नसतं. उलट विचार करा. तिथे त्यांना एवढं मैदान मोकळं का मिळालं? डोंगरातल्या गावात जो पहिला पोचतो त्याचा तंबू गावकरी विसरत नाहीत. यादीला भिणारी संस्था वकिलाला विचारत बसते, न भिणारी ट्रक भरते. निर्बंध जितके धूसर, तितका पहिला तंबू चुकीच्या माणसाचा.

शंकेखोर: मजकूर तुम्ही अर्ध्यावर सोडलात. त्या यादीच्या शेपटीला काय आहे? या सगळ्यांचे कर्मचारी, अनुदान घेणारे, उपसंस्था आणि काम प्रत्यक्ष राबवणारे भागीदार. म्हणजे जिनिव्हातलं मुख्यालय, त्याखाली राजधानीतलं कार्यालय, त्याखाली देशी संस्था, त्याखाली जिल्ह्यातली संस्था, आणि तिच्याकडून ट्रकचं कंत्राट घेणारा कोणाचा तरी मेहुणा. चौथ्या पायरीवर कोण उभा आहे हे पहिल्या पायरीवरून दिसत नाही. भारताची मागणी एवढीच होती की अल कायदा आणि इसिसच्या यादीवर नजर ठेवणाऱ्या पथकाला यात भूमिका द्या, अहवालाचे निकष कडक करा. ती पुरती मानली गेली नाही. त्या यादीसाठी आधी सूट दोनच वर्षांची होती. डिसेंबर 2024 च्या ठराव 2761 ने मुदतच काढून टाकली. तोवर परिषदेतली आपली मुदत संपून गेली होती.

कार्यकर्ती: पण आपलाच इतिहास एका वर्षाने मागे न्या. डिसेंबर 2021 मध्ये अफगाणिस्तानपुरती अशीच सूट देणारा ठराव 2615 एकमताने झाला. एकमताने, म्हणजे भारतासह. तालिबानचे म्होरके यादीत आहेत हे दिल्लीला ठाऊक नव्हतं का? आणि फेब्रुवारी 2022 मध्ये अमृतसरहून पन्नास ट्रक सुटले, अडीच हजार टन गहू घेऊन. एकूण 50,000 टनांचा तो पहिला हप्ता. अट्टारीतून पाकिस्तानमार्गे जलालाबादला, जागतिक अन्न कार्यक्रमाच्या हाती. जलालाबादच्या पुढे त्या गव्हाला चौथी पायरी नव्हती का? गोदामावर पहारा कोणाचा होता असं तुम्हाला वाटतं?

शंकेखोर: एक देश, एक संकट, आणि वर्षभराने फेरविचार करायची अट त्याच ठरावात लिहिलेली. 2664 म्हणजे सगळ्या याद्यांना सरसकट मुभा. दोन्हींत मला तरी जमीन-अस्मानाचं अंतर दिसतं. शिवाय, बाई, तुम्ही इथे ज्या कायद्याखाली काम करता तो पाहा. 2020 पासून परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेने ती दुसऱ्या संस्थेला द्यायचीच नाही. पायऱ्याच नाहीत.

कार्यकर्ती: आणि त्यामुळे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एका ठरावीक शाखेत खातं उघडून, इंग्रजीत अहवाल लिहून, स्वतः देणगीदार गाठणं ज्यांना जमतं त्या संस्था उरल्या. नंदुरबारच्या पाड्यावर आठ-दहा माणसांनी चालवलेलं काम ज्या मोठ्या संस्थेच्या आधाराने चालायचं, तो आधार गेला. पायऱ्या काढल्या की गळती थांबते, कबूल. पाणीही पोचत नाही. पण हा विषय निराळा, त्यात मी शिरले तर रात्र होईल. तुम्ही बँकेतले. तुम्ही मला सांगा, एवढी मोठी सूट मिळूनही आमचे पैसे का अडकतात?

शंकेखोर: कारण सूट बँकेला मिळाली आहे, धीर मिळालेला नाही. पेमेंटचा संदेश येतो. त्यातली नावं, पत्ता, हेतूचा रकाना, सगळं याद्यांशी ताडून पाहणारं सॉफ्टवेअर असतं. सीरियातल्या ‘इदलिब’चं नाव दिसलं की पेमेंट जागच्या जागी थांबतं आणि पडद्यावर अलर्ट येतो. पहिली तपासणी करणारा मेकर तो उघडतो. लाभार्थी मोहम्मद अहमद असेल तर तसल्या नावांची रांगच लागते. मग जन्मतारीख मागवा, वडिलांचं नाव मागवा, संस्थेकडून खुलासा मागवा. मेकरने मोकळं केलं की ते पुन्हा तपासणाऱ्या चेकरकडे. दोघांच्या आयडीने नोंद राहते, पाच वर्षांनी कोणी विचारलं तर उत्तर त्या दोघांनीच द्यायचं. त्यानंतर न्यूयॉर्कमधली करस्पॉन्डंट बँक हेच सगळं पहिल्यापासून करते, कारण डॉलर तिथून फिरून आल्याशिवाय हलत नाही. आणि या सगळ्याचं कमिशन? दोन माणसांच्या बऱ्यापैकी जेवणाचं बिल होईल तेवढं. दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही बघा. सुदान, इराण आणि क्यूबाचे व्यवहार केल्याबद्दल 2014 मध्ये बीएनपी पारिबासला अमेरिकेत 897 कोटी डॉलर मोजावे लागले. ते व्यवहार मदतकार्याचे नव्हते, हे मलाही कळतं. पण त्या आकड्यानंतर कुठल्याही बँकेच्या बैठकीत ‘सुदान’ म्हटल्यावर पुढचं वाक्य कोणी ऐकत नाही. आणि बँकेने पेमेंट केलंच पाहिजे असं कुठल्या ठरावात लिहिलंय? सुटीचा अर्थ, केलंत तर गुन्हा नाही. न करण्याची मुभा तशीच शाबूत.

(इथवर येताना दोघांच्या जागा बदलल्या आहेत, हे वाचकाच्या ध्यानात आलं असेल. सूट फार सैल आहे म्हणणाराच आता ती पोचत नाही असं सांगतो आहे, आणि तिची वकिली करणारीला तेच ऐकायचं होतं. पुढचं भांडण खरं इथून सुरू होतं.)

कार्यकर्ती: म्हणजे ज्या सुटीतून दहशतवाद्यांना वाट मिळेल अशी तुम्हाला भीती, त्या सुटीतून पोलिओच्या लशीचाही पैसा धड जात नाही. 6 फेब्रुवारी 2023 ला तुर्कस्तान-सीरियात भूकंप झाला. तिसऱ्या दिवशी अमेरिकेने सीरियासाठी खास परवाना काढला, 180 दिवसांचा. चांगलं झालं. पण तुम्ही सांगितलेली रांग त्या परवान्याने आखूड होत नाही. बँकेच्या विधी विभागाने तो वाचून मत देईपर्यंत त्यातले किती दिवस उरणार? आणि संयुक्त राष्ट्रांच्या पलीकडचे, एकेका देशाने लादलेले निर्बंध घेतले तर चित्र आणखी वाईट. इराणमध्ये एपिडर्मोलिसिस बुलोसा नावाच्या आजाराची मुलं आहेत. कातडी इतकी नाजूक की साध्या घर्षणाने फोड येतात, सोलवटते. त्यांना एक स्पंजासारखी पट्टी लागते, जखमेला न चिकटणारी. ती बनवणाऱ्या स्वीडिश कंपनीने 2018 मध्ये अमेरिकेचे निर्बंध परत आल्यावर इराणशी व्यवहार थांबवला. औषधं आणि वैद्यकीय सामान निर्बंधांतून वगळलेलं आहे, कागदावर होतंच. साधी पट्टी लावली तर काढताना तिच्याबरोबर कातडी निघते. आता त्या मुलाच्या आईला वगळणुकीचं कलम वाचून दाखवा.

शंकेखोर: औषध वगळलं, पण औषधाचे पैसे ज्या वाटेने जायचे ती वाट वगळली नाही. हे आम्ही जवळून पाहिलंय. इराणच्या तेलाचे रुपये युको बँकेत ठेवायचे आणि त्यातून आपल्या बासमतीचे, औषधांचे पैसे द्यायचे, अशी सोय 2012 नंतर काढली, कारण त्या बँकेचा अमेरिकेत कारभार नव्हता. एक आख्खी बँक वेगळी काढावी लागली! म्हणूनच मी म्हणतो, सरसकट सूट नको. बँकेला धीर येईल असा नेमका कागद हवा. अमुक संस्था, अमुक माल, अमुक जिल्हा, अमुक तारखेपर्यंत. एकेक प्रकरण तपासा आणि परवानगी द्या.

कार्यकर्ती: ती पद्धत उत्तर कोरियात चालू आहे. 2017 च्या ठराव 2397 नंतर धातूची वस्तू म्हटली की अडली. सुई, कात्री, पंप, पाण्याचा पाइप, काहीही. संस्थेने न्यूयॉर्कमधल्या समितीला अर्ज करायचा, मालाची यादी नगवार जोडायची, कोणत्या वाटेने कोणत्या महिन्यात जाणार ते लिहायचं. समितीत पंधरा देश. एकाने हरकत घेतली की थांबलं. मुलांना सोयाबीनचं दूध देणाऱ्या एका संस्थेला दूध वाहून न्यायच्या स्टीलच्या कॅनसाठी अशी परवानगी काढावी लागली. कॅन! सुरक्षा परिषदेचे राजदूत कॅनवर विचार करतायत. आणि 2664 ने यात फरक पडला नाही, कारण तो मालमत्ता गोठवण्यापुरता आहे, मालावरच्या बंदीला लागू नाही. तुम्हाला नेमका कागद हवा तो तिथे मिळतो, मोजून-मापून, शिक्क्यासह. हंगाम निघून गेल्यावर.

शंकेखोर: आणि सैल सोडलं की काय होतं ते इराकने दाखवलं. तेलाच्या बदल्यात अन्न. 1996 च्या अखेरीस सुरू झालेली, माणुसकीच्याच नावाने केलेली सोय. संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या वोल्कर समितीने 2005 मध्ये हिशेब मांडला: 2,200 वर कंपन्यांच्या व्यवहारांत सद्दामच्या राजवटीला लाच आणि वरकड पैसा गेला, सुमारे 180 कोटी डॉलर. त्या अहवालात तेव्हाचे परराष्ट्रमंत्री नटवर सिंह यांचं नाव आलं, आरोप त्यांनी नाकारले, पण परराष्ट्र खातं गेलं. म्हणजे बगदादच्या सवलतीचे शिंतोडे थेट साउथ ब्लॉकवर उडाले. आणि ज्या आकड्यावर जगाला पाझर फुटला, निर्बंधांनी पाच लाख इराकी मुलं मेली हा, तो 1999 च्या ज्या पाहणीवर उभा होता तिच्यात सद्दामच्या सरकारने फेरफार केला होता, असं 2017 मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. दयेलाही फसवता येतं.

कार्यकर्ती: आकडा फुगवलेला होता, हे मी मान्य करते, आमच्या क्षेत्रात अजून कित्येकांना ते मान्य करायला जड जातं. पण डेनिस हॅलिडे आणि हान्स फॉन श्पोनेक, त्या कार्यक्रमाचे प्रमुख, 1998 आणि 2000 मध्ये एकापाठोपाठ एक राजीनामा देऊन गेले, ते इस्पितळं आणि सांडपाण्याची केंद्रं डोळ्यांनी पाहून. आणि 180 कोटी खाल्ले ते संस्थांनी नव्हे. ते सरकारने निवडलेल्या व्यापाऱ्यांचे सौदे होते. तुम्ही व्यापाराचं बिल मदतीच्या नावावर फाडताय.

शंकेखोर: बरं, मग मूळ मुद्द्यावर या. निर्बंध हे युद्ध टाळण्याचं हत्यार आहे. ते दुखलं नाही तर उपयोग काय? तुम्ही उपाशी माणसाला जेवू घालता, म्हणजे त्याला जेवू घालण्याची ज्याची जबाबदारी होती त्याचे पैसे वाचवता. ते पैसे बंदुकीत जातात.

कार्यकर्ती: हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे, आणि आमच्या क्षेत्रातल्या मोठ्या संस्था त्यातूनच जन्मल्या. 1914 मध्ये जर्मनीने व्यापलेल्या बेल्जियमला धान्य पोचवायचं तर ब्रिटिश नाकेबंदीतून हर्बर्ट हूवर यांना वाट काढावी लागली, तेव्हा लंडनमध्ये शब्दशः तुमचंच म्हणणं मांडलं गेलं. युद्ध संपूनही नाकेबंदी चालूच राहिली, म्हणून 1919 मध्ये एग्लंटाइन जेब ट्रॅफल्गर चौकात उपाशी ऑस्ट्रियन मुलांची पत्रकं वाटत होत्या. अटक झाली, पाच पौंड दंड झाला. त्या वर्षी ‘सेव्ह द चिल्ड्रन’ उभी राहिली. ऑक्सफॅम 1942 ची, नाझींनी व्यापलेल्या ग्रीसमध्ये अन्न जाऊ द्या एवढ्या एका मागणीसाठी. नाकेबंदी कोणाची? मित्रराष्ट्रांची. म्हणजे नाझींशी लढणाऱ्या, बरोबर बाजूच्या लोकांची. तरीही ग्रीसमध्ये लोक रस्त्यावर मरत होते आणि शेवटी वाट द्यावी लागली.

शंकेखोर: दिली, पण कशी? 1949 च्या चौथ्या जिनिव्हा कराराचं कलम 23 काढा. औषधं, मुलांचं आणि गरोदर बायांचं अन्न जाऊ द्यावं, पण केव्हा? माल भलतीकडे वळेल अशी गंभीर भीती नसेल, देखरेख चालेल, आणि शत्रूच्या लष्करी बळाला निश्चित फायदा होणार नाही, तर. ग्रीसचा अनुभव ताजा असताना लिहिलेल्या अटी आहेत या. भाबड्या लोकांनी लिहिलेल्या नाहीत. तुम्ही त्या विसरलात, मी नाही.

कार्यकर्ती: मग सोमालियाला चला. तिथे तुमच्या तिन्ही अटी मोडत होत्या. अल-शबाब नाक्यांवर कर घेत होती, माल वळवत होती. अमेरिकेने 2008 मध्ये तिला दहशतवादी ठरवलं, त्यानंतर अमेरिकेची मदत झपाट्याने आटली. 20 जुलै 2011 ला दुष्काळ अधिकृतपणे जाहीर झाला. पुढे अभ्यास झाला त्यात मृतांचा आकडा 2,58,000 निघाला, निम्मी पाच वर्षांखालची मुलं.

शंकेखोर: सगळं निर्बंधांच्या माथी मारू नका. जागतिक अन्न कार्यक्रम जानेवारी 2010 मध्ये दक्षिण सोमालियातून निघाला तो शबाबच्या धमक्या आणि खंडणीमुळे. शबाबने स्वतःच संस्था हाकलल्या. पाऊसही गेला होता. आणि दुष्काळ जाहीर होण्याच्या सोळा महिने आधी, मार्च 2010 मध्ये, संयुक्त राष्ट्रांनी सोमालियासाठी सूट दिलेली होती. पहिलीच अशी सूट. म्हणजे तुमचं औषध होतं, रोगी तरी गेला.

कार्यकर्ती: तेच तर! ती सूट संयुक्त राष्ट्रांची होती. ज्या अमेरिकी कायद्याखाली संस्थेच्या माणसाला तुरुंगवास होऊ शकत होता तो जसाच्या तसा होता. वॉशिंग्टनने मोकळीक दिली ऑगस्ट 2011 मध्ये, दुष्काळ जाहीर झाल्यावर. तुम्ही म्हणता सूट देऊन उपयोग झाला नाही. मी म्हणते अर्धवट दिली. कोणाचं बरोबर हे त्या आकड्यावरून ठरत नाही, हेही मला कळतं. शबाब आणि पाऊस वजा करून निर्बंधांनी किती मारले, याचं गणित कोणाकडेच नाही.

शंकेखोर: हे मोकळेपणी बोललात. मीही एक बोलतो. नाक्यावरच्या खंडणीची आपण चर्चा करतो, पण सगळ्यांत मोठी गळती नाक्यावर नसते. सीरियात संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांना डॉलर सरकारी दराने बदलावे लागत. बाजारातला दर कितीतरी चढा. 2021 मधल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष होता की आदल्या वर्षी त्या फरकात डॉलरमागे सुमारे निम्मी किंमत असदच्या मध्यवर्ती बँकेकडे गेली. पावतीसह, कायदेशीर, ऑडिट झालेली. कुठलंच सॉफ्टवेअर यावर अलर्ट देत नाही. तुमच्या इदलिबच्या डॉक्टरच्या पगारावर मात्र देतं.

कार्यकर्ती: यावर माझ्याकडे उत्तर नाही. लाज वाटावी अशीच गोष्ट आहे. काबूलचं थोडं वेगळं. तालिबान सत्तेवर आल्यावर तिथल्या मध्यवर्ती बँकेचे सुमारे 700 कोटी डॉलर न्यूयॉर्कमध्ये गोठले, बँका पैसे पाठवेनात, म्हणून संयुक्त राष्ट्रं विमानाने नोटा न्यायला लागली. एका खेपेला 4 कोटी डॉलरच्या आसपास, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली बंडलं. त्यातून इस्पितळांचे पगार झाले, लोक जगले. त्याच नोटांनी अफगाणी चलन सावरलं, आणि त्याचं श्रेय तालिबानला मिळालं. आणि 2664 झाल्यावर पंधराव्या दिवशी, 24 डिसेंबरला, तालिबानने संस्थांतल्या बायकांना कामावर यायला बंदी केली. आम्ही न्यूयॉर्कमध्ये दार उघडून घेतलं आणि तिकडे दुसऱ्या दाराला कडी लागली. पण म्हणून पहिलं बंद करा, असं म्हणाल?

शंकेखोर: नाही. पण निघून यायची तयारी ठेवा म्हणेन. येमेनमध्ये जून 2019 ला अन्न कार्यक्रमाने सनाच्या भागातलं वाटप काही अंशी थांबवलं, हुती माल वळवतात म्हणून. साडेआठ लाख लोकांचं रेशन थांबलं. दोन महिन्यांनी हुती नोंदणीला तयार झाले.

कार्यकर्ती: ते अन्न कार्यक्रमाने स्वतः ठरवलं, कुठल्याही निर्बंधाविना, जागेवर बसलेल्या माणसांनी परिस्थिती पाहून. मला नेमकं हेच हवंय. निर्णय तिथे राहू द्या. आणि ज्याने निर्णय घेतला त्याच्यावर गळतीचं सगळं बिल लादू नका. आज करार कसे असतात ते बघा. गहाळ झालेला प्रत्येक डॉलर संस्थेने भरून द्यायचा. नॉर्वेजियन पीपल्स एडने अमेरिकेचा निधी घेताना, निर्बंधाखालच्या कोणालाही मदत केलेली नाही अशा हमीपत्रावर सही केली. दुसऱ्यांच्या पैशाने इराण आणि गाझात केलेल्या कामावरून 2018 मध्ये 20 लाख डॉलरवर रक्कम देऊन प्रकरण मिटवावं लागलं. अशाने काय होतं? नाक्यावर ड्रायव्हर पैसे देतो आणि व्हाउचरवर ‘टायर दुरुस्ती’ लिहितो. सगळ्यांना ठाऊक असतं. ठराव म्हणतो, फायदा कमीत कमी व्हावा म्हणून वाजवी प्रयत्न करा. मग देणगीदाराने करारात लिहावं, वाजवी प्रयत्न करूनही इतके टक्के गेले आणि तुम्ही ते खरं सांगितलंत, तर ते आमच्या खात्यावर.

शंकेखोर: लिहिलेली टक्केवारी नाक्यावर पोचायला आठवडा लागत नाही. मग तोच दर होतो.

कार्यकर्ती: दर आजही आहे. फक्त आपण तो टायरवर टाकतो.

शंकेखोर: टक्केवारीशीच माझं भांडण आहे. मुंबईवरचा हल्ला काही अब्जांचा नव्हता. दहा माणसं, एक बोट, शस्त्रं, काही फोन, काही महिन्यांचं प्रशिक्षण. हल्ला स्वस्त असतो. शंभरातले दोन रुपये धान्य लुटणाऱ्या टोळीकडे गेले तर मी डोळेझाक करीन. हजारातला एक रुपया नव्या फलाहकडे गेला तर नाही. किती गेलं हे माप चुकीचं आहे. कोणाकडे गेलं ते सांगा. तुमचा ठराव हा फरक करत नाही.

कार्यकर्ती: सोमालियात तो करता येत नाही. नाक्यावर कर घेणारी आणि मोगादिशूत स्फोट घडवणारी संघटना एकच आहे.

शंकेखोर: म्हणून मला चौथ्या पायरीवरच्या माणसाचं नाव हवं. मी आजही मेकरच्या खुर्चीत असतो तर म्हणालो असतो, नाव द्या, आणि सरकारच्या सहीचं पत्र द्या की हे पेमेंट सुटीत बसतं. तेवढ्यावर मोकळं करतो.

कार्यकर्ती: तसं पत्र आम्ही एका युरोपीय मंत्रालयाकडे मागितलं होतं. उत्तर आलं, आपण आपल्या कायदेविषयक सल्लागाराशी संपर्क साधावा. आणि नावाचं म्हणाल, तर ज्या देशात परदेशी सरकारला नावं पुरवतो एवढ्या संशयावर माणसाला उचलतात, तिथल्या परिचारिकेचं, ड्रायव्हरचं नाव मी कुठल्या याद्यांत तपासायला देऊ? ते नाव फुटलं तर तिला कोण वाचवणार, तुमचा चेकर?

शंकेखोर: मग माझी सही नाही.

कार्यकर्ती: नका करू. पैसा तरीही जाईल. काबूलच्या सराफ बाजारात, तुर्कस्तानातल्या गाझियांतेपच्या दुकानात आज जातो तसा, हवाल्याने. आपल्या झवेरी बाजारात ज्याला कोणी नवं म्हणणार नाही त्याच रीतीने. आणि त्या वहीत चौथ्या पायरीचं सोडा, पहिल्या पायरीचंही नाव तुम्हाला दिसणार नाही.